लक्झेंबर्गचा निकाल मिलानच्या कोर्टातून वाचावा

पत्र

मॅडम, नमस्कार. मी देवगड तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, पुढे कोल्हापुरात एलएल.बी. केलं. आता नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात युरोपीय कायद्याच्या एलएल.एम.ला प्रवेश मिळाला आहे, सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतील. आधीपासून वाचायला घेतलं आणि अडलो. युरोपीय संघाचं लक्झेंबर्गमधलं न्यायालय म्हणतं, संघाचा कायदा सदस्य देशाच्या राज्यघटनेच्याही वर. जर्मनीचं घटना न्यायालय म्हणतं, शेवटचा शब्द आमचा. पुस्तकात दोन्ही दिलंय, बरोबर कोण ते दिलेलं नाही. परीक्षेत लिहायचं काय? शिवाय ती निकालपत्रं तीन-तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाहीत. माझं इंग्रजी कमी पडतंय का? आणि बाबा विचारतात, बागेवर कर्ज काढून युरोपचा कायदा शिकणार, त्याचा इथे उपयोग काय?

उत्तर

तुझ्या पहिल्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण बाकीचे बरेचसे त्यातच अडकलेले आहेत. ‘बरोबर कोण’ हे पुस्तकात नाही, कारण ते युरोपातही ठरलेलं नाही. साठ वर्षं तिथली न्यायालयं या प्रश्नावर एकमेकांशी बोलताहेत, मधूनमधून कडाडून भांडताहेत, आणि तरीही रोजचे खटले निकाली निघताहेत. तू आपल्याकडच्या सवयीने उतरंड शोधतो आहेस: वर संविधान, खाली संसदेचा कायदा, त्याखाली नियम. या विषयात ती सवय पहिल्याच पायरीवर अडते. म्हणून माझा सल्ला एकच आहे, आणि पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण समज. हा विषय खालून वाच. कुठल्या तरी देशातला एक साधा न्यायाधीश डोळ्यांसमोर आण. त्याच्यापुढे एक खटला आहे आणि टेबलावर दोन कायदे आहेत, एक त्याच्या संसदेचा, एक युरोपीय संघाचा. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. त्याने आता करायचं काय?

सुरुवात त्या दोन खटल्यांपासून कर, ज्यांची नावं तू आतापर्यंत पन्नासदा वाचली असशील. पहिला व्हॅन गेंड एन लोस, ५ फेब्रुवारी १९६३. या डच कंपनीने १९६० मध्ये पश्चिम जर्मनीतून युरिया-फॉर्मल्डिहाइड हे रसायन आणलं. नव्या वर्गवारीमुळे त्यावरची जकात ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेली होती. १९५७ च्या रोम तहाचं, म्हणजे आजच्या संघाच्या पायाभूत तहाचं, बारावं कलम सांगत होतं की सदस्य देशांनी आपसातल्या व्यापारावरची जकात वाढवायची नाही. आता हे कलम म्हणजे सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे, की एखादा आयातदार ते हातात घेऊन आपल्याच देशाच्या न्यायाधिकरणात उभा राहू शकतो? नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी या तीन सरकारांनी कंपनीच्या विरोधात म्हणणं मांडलं. अ‍ॅडव्होकेट जनरल (निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारा अधिकारी) रोमर यांचाही सल्ला कंपनीला अनुकूल नव्हता. न्यायालयाने तो बाजूला ठेवला आणि सांगितलं, होय, उभा राहू शकतो.

दुसरा कोस्टा विरुद्ध एनेल, १५ जुलै १९६४. मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्टा यांचे एका वीज कंपनीत शेअर होते. इटलीने १९६२ मध्ये वीज उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हा कोस्टांनी नव्या सरकारी कंपनीचं, एनेलचं, १,९२५ लिरांचं बिल भरायला नकार दिला. रक्कम एवढी लहान की प्रकरण मिलानमधल्या अगदी खालच्या पायरीवरच्या तडजोड न्यायाधीशापुढे गेलं. त्याने लक्झेंबर्गला प्रश्न पाठवला, आणि उत्तर आलं की देशाने नंतर केलेला कायदासुद्धा युरोपीय कायद्याला मागे सारू शकत नाही.

हे दोन्ही निकाल शेजारी ठेव आणि स्वतःला विचार, ‘वर कोण’ हा प्रश्न १९६३ मध्ये निकालाच्या केंद्रस्थानी का आला नाही आणि १९६४ मध्ये का आला? उत्तर लक्झेंबर्गमध्ये सापडणार नाही. डच राज्यघटनेने १९५० च्या दशकातल्या दुरुस्त्यांपासून, व्यक्तींवर थेट बंधनकारक असणाऱ्या तहाच्या तरतुदींना देशाच्या कायद्यावर वरचढ ठरवलं होतं. आज ती तरतूद कलम ९४ मध्ये आहे. त्यामुळे डच न्यायाधिकरणाला एवढंच हवं होतं की हे कलम थेट लागू होतं का. पुढचं त्याची स्वतःची राज्यघटना बघून घेणार होती. इटलीत मात्र रोम तह १९५७ च्या एका साध्या कायद्याने आत आणला होता, आणि साधा कायदा नंतरच्या साध्या कायद्यापुढे मागे सरतो. इटलीच्या घटना न्यायालयाने ७ मार्च १९६४ रोजी, कोस्टा यांच्याच वीजप्रकरणात, नेमकं हेच सांगितलं होतं. जुलैमध्ये लक्झेंबर्गने जे म्हटलं ते मार्चमधल्या रोमच्या निकालाला दिलेलं उत्तर आहे. मार्चचा निकाल वगळून जुलैचा वाचला, तर फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू कानावर पडावी तसं होतं. बहुतेक पाठ्यपुस्तकं तुला एकच बाजू ऐकवतात. तुझा गोंधळ तिथून सुरू झालाय.

आणि रोमने ते उत्तर लगेच मान्य केलं असं समजू नकोस. १९७३ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने युरोपीय कायद्याला वाट दिली, पण आपल्या राज्यघटनेची मूलभूत तत्त्वं आणि माणसाचे अपरिहार्य हक्क यांच्यापाशी कुंपण घातलं. १९७८ मध्ये सिमेंथाल प्रकरण आलं. फ्रान्समधून आणलेल्या गोमांसाच्या आरोग्य तपासणीच्या शुल्काचा वाद, सुसा नावाच्या लहानशा गावातल्या न्यायाधीशापुढचा. इटलीचा नियम असा होता की कायदा बाजूला सारायचा तर घटना न्यायालयाची वाट बघा. लक्झेंबर्ग म्हणालं, वाट बघायची नाही, समोर खटला असलेल्या प्रत्येक न्यायाधीशाने तिथेच आणि तेव्हाच युरोपीय कायदा लागू करायचा. रोमने हे स्वीकारलं १९८४ मध्ये. कोस्टा निकालापासून वीस वर्षांनी, तेही स्वतःच्या राज्यघटनेच्या अकराव्या कलमाचा आधार घेऊन. परीक्षेत ‘१९६४ मध्ये प्राथम्य (म्हणजे युरोपीय कायदा वरचढ असणं) प्रस्थापित झालं’ असं लिहिशील तेव्हा ही वीस वर्षं आठव.

आता आपल्याकडून सोबत जाणाऱ्या दोन सवयींबद्दल बोलते. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत त्या हटकून दिसतात.

एक सवय संविधानाच्या २५४ व्या कलमाची. संसदेचा कायदा आणि राज्याचा कायदा यांत विसंगती आली की विसंगतीपुरता राज्याचा कायदा रद्दबातल. तू नकळत युरोपीय संघाच्या जागी दिल्ली आणि जर्मनीच्या जागी महाराष्ट्र बसवतोस. युरोपात तसं होत नाही. लक्झेंबर्गचं न्यायालय कुठल्याही देशाचा कायदा रद्द करत नाही, त्याला तो अधिकारच नाही. विसंगत कायदा पुस्तकात जिवंत राहतो, त्या एका खटल्यापुरता न्यायाधीश तो बाजूला ठेवतो.

याचा परिणाम किती लांब जातो ते इटलीच्या पास्त्याच्या खटल्यात पाहा. इटलीच्या १९६७ च्या कायद्याप्रमाणे सुका पास्ता फक्त ड्युरम या कठीण गव्हाचाच विकता येत होता. दुसऱ्या सदस्य देशांतून साध्या गव्हाची भेसळ असलेला पास्ता आला. जुलै १९८८ मध्ये लक्झेंबर्गने सांगितलं की दुसऱ्या देशात कायदेशीरपणे तयार झालेला पास्ता इटली अडवू शकत नाही. ग्राहकाची काळजी असेल तर लेबलवर स्पष्ट लिहायला लावा. पण कायदा रद्द झाला नाही! इटलीतल्या कारखानदाराला तो लागूच राहिला. म्हणजे परदेशी माल काहीही मिसळून येणार आणि इटलीच्या माणसाने मात्र ड्युरमच वापरायचा. या विषमतेबद्दल लक्झेंबर्गचं म्हणणं एवढंच होतं की देशांतर्गत उत्पादकाला देशाने कसं वागवावं हा आमच्या कायद्याचा विषय नाही. अखेर १९९७ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने स्वतःच्या राज्यघटनेतल्या समानतेच्या तत्त्वावर देशी उत्पादकाची सुटका केली. अर्धं उत्तर लक्झेंबर्गने दिलं, उरलेलं अर्धं रोमने, नऊ वर्षांनी आणि वेगळ्याच आधारावर. मला हा खटला फार आवडतो. अधिराष्ट्रीय, म्हणजे देशांच्या वरचा, कायदा आणि राष्ट्रीय कायदा यांचं नातं म्हणजे काय, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा यातून नीट कळतं. पहिल्या महिन्यात तो वाच.

दुसरी सवय अपिलाची. सर्वोच्च न्यायालय म्हटलं की आपल्याला अनुच्छेद १३६ आठवतं, म्हणजे खाली हरलो तर वर जायचं. लक्झेंबर्गला असं जाता येत नाही. पक्षकार तिथे अपील करत नाही. देशातला न्यायाधीशच मधेच खटला थांबवून प्रश्न पाठवतो, उत्तर मिळालं की पुन्हा खटला चालवतो आणि निकाल स्वतः देतो. सध्याच्या तहात हे कलम २६७ आहे. तुला दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११३ आठवत असेल, कनिष्ठ न्यायालयाने उच्च न्यायालयाकडे मत मागण्याचं, ऑर्डर ४६ सोबतचं. आपल्याकडे ते बहुधा परीक्षेपुरतंच वाचलं जातं. युरोपात तीच कल्पना सगळ्या इमारतीचा पाया आहे. कुठलंही न्यायालय विचारू शकतं, आणि ज्याच्या निकालावर पुढे दाद नाही त्याने विचारायलाच हवं (याला अपवाद आहेत, ते १९८२ च्या सिलफिट प्रकरणात सापडतील). उलट्या दिशेनेही एक नियम आहे: संघाचाच एखादा कायदा अवैध आहे असं देशातल्या न्यायालयाने स्वतः जाहीर करायचं नाही, तो अधिकार फक्त लक्झेंबर्गचा. हे १९८७ च्या फोटो-फ्रॉस्ट प्रकरणातलं.

सुसाच्या किंवा मिलानच्या छोट्या न्यायाधीशाला यातून काय मिळालं याचा विचार कर. आपल्या वरच्या न्यायालयांना न विचारता थेट लक्झेंबर्गशी बोलण्याची मुभा. हा कायदा रुजला त्यामागे तहावर सह्या करणाऱ्या मंत्र्यांइतकाच, माझ्या मते त्यांच्याहून जास्त, अशा प्रश्न विचारणाऱ्या न्यायाधीशांचा वाटा आहे.

आता जर्मनी, कारण तुझं खरं कोडं तिथलं आहे. फ्रँकफर्टच्या प्रशासकीय न्यायालयात एका निर्यातदाराचा दावा होता. मक्याच्या पिठाच्या निर्यातीचा परवाना घेतला, माल मुदतीत गेला नाही, अनामत जप्त झाली. निर्यातदार म्हणाला, हे जर्मन घटनेतल्या माझ्या मूलभूत हक्कांविरुद्ध आहे. १९७० मध्ये लक्झेंबर्ग म्हणालं, संघाचा कायदा देशाच्या राज्यघटनेच्या मापाने मोजता येणार नाही, पण मूलभूत हक्कांचा आदर आमच्याही कायद्यात आहे. फ्रँकफर्टच्या न्यायाधीशांचं समाधान झालं नाही. त्यांनी प्रकरण कार्ल्सरूहला, जर्मनीच्या घटना न्यायालयाकडे, पाठवलं. २९ मे १९७४ चा तो निकाल: जोपर्यंत युरोपात आमच्या तोडीची मूलभूत हक्कांची व्यवस्था नाही, तोपर्यंत आम्ही तपासणार. २२ ऑक्टोबर १९८६ ला त्याच न्यायालयाने वाक्य फिरवलं: जोपर्यंत तिथे तशी व्यवस्था आहे, तोपर्यंत आम्ही तपासणार नाही. मधल्या बारा वर्षांत लक्झेंबर्गने मूलभूत हक्कांवरचे आपले निकाल भक्कम केले, १९७९ मध्ये युरोपीय संसदेच्या थेट निवडणुका सुरू झाल्या. कार्ल्सरूहचा विरोध मला इथे योग्यच वाटतो. १९७४ मध्ये ते न्यायालय गप्प बसलं असतं, तर युरोपातल्या सामान्य माणसाला हक्कांचं हे संरक्षण इतक्या लवकर मिळालं नसतं.

पुढचे टप्पे म्हणजे १९९३ चा मास्ट्रिख्ट तहावरचा निकाल, ३० जून २००९ चा लिस्बन तहावरचा निकाल, आणि ५ मे २०२० चा. त्या शेवटच्या निकालात युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीबद्दल लक्झेंबर्गने दिलेला निर्णयच अधिकाराबाहेरचा आहे, असं कार्ल्सरूहने पहिल्यांदा म्हटलं. युरोपीय आयोगाने जर्मनीविरुद्ध कारवाई सुरू केली आणि जर्मन सरकारच्या आश्वासनांनंतर डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली. २०२० चा निकाल मला पटलेला नाही. बँकेने आपल्या उपायांचं समतोल मोजमाप केलं नाही हे म्हणणं वेगळं, आणि दुसऱ्या न्यायालयाचा निर्णय समजण्यापलीकडचा म्हणून झिडकारणं वेगळं. पण तू तो स्वतः वाच. तुझं मत माझ्याहून वेगळं झालं तरी चालेल, फक्त ते निकाल वाचून झालेलं असू दे.

लिस्बन निकाल वाचताना एका गोष्टीवर तू थांबशील. कार्ल्सरूह म्हणतं की जर्मन घटनेच्या कलम ७९(३) ने जे कायमचं सुरक्षित केलंय, ते युरोपकडे सोपवण्याचा अधिकार संसदेला नाही. हे तुला ओळखीचं वाटायला हवं. हायडेलबर्गचे अभ्यासक डीट्रिख कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिलं होतं, जर्मनीचा तोच अनुभव मांडत. ते विचार गोलकनाथ खटल्यात पोचले, आणि १९७३ च्या केशवानंद भारतीत न्या. एच. आर. खन्ना यांनी कॉनराड यांचा दाखला दिला. आपला मूलभूत चौकटीचा सिद्धांत (घटनेचा गाभा संसदेला दुरुस्तीनेही बदलता येत नाही) आणि कार्ल्सरूहची युरोपपुढची लक्ष्मणरेषा यांचं असं नातं आहे. केशवानंदमधला नानी पालखीवालांचा युक्तिवाद शिकून तू चालला आहेस. तिथल्या वर्गात मराठी शाळेतून आल्याचं दडपण घेऊ नकोस, या एका मुद्द्यावर तुझी तयारी अनेकांहून चांगली आहे.

पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर २०२१ ला संघाच्या तहातल्या काही तरतुदी पोलिश घटनेशी विसंगत ठरवल्या, तो निकाल मात्र याच ओळीत बसवू नकोस. घाईत वाचणारे म्हणतात, जर्मनीने केलं तेच पोलंडने केलं. त्याच वर्षी मे महिन्यात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं होतं की पोलिश घटना न्यायाधिकरणातल्या एका न्यायाधीशाची नेमणूकच कायद्याला धरून नव्हती, त्यामुळे त्याचा समावेश असलेलं पीठ कायद्याने स्थापलेलं न्यायालय म्हणता येत नाही. कार्ल्सरूहने लक्झेंबर्गला आधी प्रश्न विचारले, वाद घातला, मग नकार दिला. वॉर्सात प्रश्न न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचाच होता. न्यायाधीशच स्वतंत्र नसेल तर मी वर सांगितलेलं सगळं कोसळतं, कारण प्रश्न विचारायला खाली कोणी उरत नाही. (आणि जाता जाता: स्ट्रासबर्गचं न्यायालय युरोपीय संघाचं नव्हे. ते युरोप परिषदेचं, १९५० च्या मानवी हक्क कराराचं. ही दोन न्यायालयं एकमेकांत मिसळणारी उत्तरपत्रिका परीक्षक तिथेच बाजूला ठेवतो.)

खाली कोणी उरलं नाही की काय होतं, याचं उदाहरण युरोपाबाहेर आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांनी सॅडक या संघटनेचं न्यायाधिकरण नामिबियात विंडहुकला स्थापलं. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याने झिंबाब्वेच्या जमीन ताब्यात घेण्याच्या धोरणाविरुद्ध, कॅम्पबेल प्रकरणात, निकाल दिला. झिंबाब्वे सरकारने तो मानला नाही, हरारेच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये त्याची नोंदणी नाकारली, आणि ऑगस्ट २०१० मध्ये सदस्य देशांच्या प्रमुखांनी न्यायाधिकरणच स्थगित केलं. दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयांनी मात्र तोच निकाल आपल्या देशात अंमलात आणू दिला, तिथल्या घटना न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. एकच निकाल, दोन देश, दोन नशिबं. अधिराष्ट्रीय न्यायालयाला ना पोलीस ना तुरुंग. त्याचा शब्द देशातला न्यायाधीश उचलतो तेवढाच चालतो.

म्हणून परीक्षेत ‘श्रेष्ठ कोण’ असा प्रश्न आला तर कोणाच्या खुर्चीतून उत्तर देतो आहेस ते आधी लिही. लक्झेंबर्गच्या खुर्चीतून प्राथम्य संपूर्ण आहे, कारण प्रत्येक देशाने आपापली राज्यघटना पुढे केली तर सत्तावीस देशांत एक कायदा राहणार नाही. देशाच्या घटना न्यायालयाच्या खुर्चीतून ते मिळालेलं आहे, आणि देणाऱ्याने अटी घातल्या आहेत. मग दोन्ही बाजूंचे दोन-तीन निकाल, आणि शेवटी तुझं मत. एक धागा जरूर घाल: प्राथम्याची तरतूद तहाच्या कलमांत आजही नाही. २००४ च्या घटनात्मक तहात ती लिहिली होती, पण २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या सार्वमतांत तो तह पडला. लिस्बन तहात ती कलमातून निघाली आणि जोडलेल्या १७ व्या घोषणेत गेली. सगळ्यांनी पाळायचं, पण लिहून द्यायला कचरायचं, यात बरंच काही आहे.

आता वाचनाबद्दल. तुझ्या इंग्रजीला दोष देऊ नकोस. लक्झेंबर्गचे न्यायाधीश आपसात फ्रेंचमध्ये काम करतात, मसुदा फ्रेंचमध्ये होतो. तू वाचतोस ते इंग्रजी बहुतेक वेळा भाषांतरित असतं आणि म्हणून ताठर असतं. शिवाय निकाल एकमुखी असतो, भिन्नमत छापत नाहीत. केशवानंदमध्ये तेरा न्यायाधीशांची अकरा निकालपत्रं वाचलेल्या माणसाला ही चार पानं कोरडी वाटणारच, कारण भांडण आतच मिटवून ती बाहेर आलेली असतात. ते भांडण तुला अ‍ॅडव्होकेट जनरलच्या मतात सापडेल. निकालाआधी ते वाच. त्यात दोन्ही बाजू, आधीचे निकाल, शंका, सगळं मोकळेपणाने असतं. क्युरिया आणि युर-लेक्स या संकेतस्थळांवर हे फुकट आहे, आणि कार्ल्सरूहचे महत्त्वाचे निकाल त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजीतही मिळतात.

प्रत्येक निकाल वाचताना वहीत आधी लिही: प्रश्न कुठल्या न्यायालयाने विचारला, आणि का विचारावा लागला. मग लक्झेंबर्गचं उत्तर. मग उत्तर घेऊन त्या न्यायालयाने काय केलं. हा तिसरा भाग शोधायला कष्ट पडतात आणि बरेच विद्यार्थी तो सोडून देतात. तू सोडू नकोस. टिपणं मराठीत काढलीस तरी चालेल. मी तर म्हणेन, पहिलं टिपण मराठीतच काढ. जे मराठीत दोन वाक्यांत सांगता येत नाही ते अजून कळलेलं नाही असं धर. आणि तिथे राहशील त्या वर्षात डच किंवा फ्रेंच, एक काहीतरी वाचण्यापुरतं शीक. राष्ट्रीय न्यायालयांचे निकाल नेहमी इंग्रजीत येत नाहीत, आणि माझा सगळा सल्ला त्याच निकालांवर उभा आहे.

बाबांचा प्रश्न. त्यांना २०१४ चा मे महिना आठवत असेल. १ मे पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर, सोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांवर, फळमाशीच्या कारणाने बंदी घातली आणि हापूस अडकला. संघात आपला आंबा सर्वांत जास्त जात होता तो ब्रिटनमध्ये. ब्रिटनच्या सरकारला वाटलं असतं तरी ते एकट्याने आपलं बंदर उघडू शकत नव्हतं, कारण निर्णय युरोपीय आयोगाचा होता आणि सगळ्या सदस्य देशांना बांधणारा होता. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. नाशिकच्या द्राक्षांत कुठल्या औषधाचा किती अंश चालेल हे २००५ च्या ३९६ क्रमांकाच्या रेग्युलेशनने ठरतं, आणि रेग्युलेशन म्हणजे कुठल्या संसदेने पुन्हा मंजूर न करता थेट लागू होणारा कायदा. पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी युरोपातल्या ग्राहकांची माहिती हाताळते तेव्हा २५ मे २०१८ पासून लागू झालेला डेटा संरक्षण कायदा तिच्या करारात बसलेला असतो.

आणि तुझ्या शेजारचा गोवा. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांच्या घरांतून अनेकांनी पोर्तुगालमध्ये नोंदणी करून तिथलं नागरिकत्व घेतलं, त्याबरोबर ते युरोपीय संघाचे नागरिक झाले आणि ब्रिटनमध्ये स्विंडनसारख्या गावांत कामाला गेले. ब्रिटनला त्यांना ‘तुम्ही खरे पोर्तुगीज कसे’ असं विचारता येत नव्हतं. १९९२ च्या मिकेलेट्टी प्रकरणात, अर्जेंटिनाच्या एका दंतवैद्याच्या निमित्ताने, लक्झेंबर्गने सांगितलं होतं की एका सदस्य देशाने दिलेल्या नागरिकत्वावर दुसऱ्याने जास्तीच्या अटी लादायच्या नाहीत. दुसरीकडे आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने त्यांचं भारतीय नागरिकत्व गेलं, आणि ब्रेक्झिटनंतर त्यांचे ब्रिटनमधले हक्क विथड्रॉअल करारावर, म्हणजे ब्रिटनच्या संघातून बाहेर पडण्याच्या करारावर, आले. एका कुटुंबाच्या कपाटात तीन कायदेव्यवस्थांची कागदपत्रं. हे सगळं समजावून सांगू शकणारा वकील म्हापसा-मडगावला लागतो.

पण उपयोग आहे म्हणून कर्ज फिटेल असं मी म्हणणार नाही. एलएल.एम.ने युरोपात वकिली करता येत नाही. सनद प्रत्येक देशाची वेगळी, आणि बहुतेक ठिकाणी त्या देशाची भाषा आणि त्या देशाची कायद्याची पदवी मागतात. नेदरलँड्समध्ये पदवीनंतर नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना मिळू शकतो, तो हिशेबात धर, पण नोकरी मिळेलच असं धरू नकोस. परत येऊन शिकवायचं असेल तर परदेशातली एक वर्षाची एलएल.एम. इथे कशी ग्राह्य धरतात ते बार कौन्सिलकडून आणि ज्या विद्यापीठात शिकवायचंय तिथून निघण्यापूर्वी लेखी घे. कर्जाचा हप्ता इथल्या नोकरीच्या पगारातून फिटेल का, हा हिशेब बाबांसोबत बसून कर, युरोपच्या पगारावर नको. तो जुळत नसेल तर विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी लिही, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विचार, आणि ते वर्ष कोल्हापूर किंवा मुंबईत निर्यातदारांची कामं करणाऱ्या एखाद्या वकिलाकडे काढ.

हिशेब जुळला तर नक्की जा. पहिल्या सत्रातच एक दिवस काढून लक्झेंबर्गला सुनावणी ऐकायला जा, सुनावण्या सर्वांसाठी खुल्या असतात. ज्या प्रकरणात एखाद्या खालच्या न्यायालयाने प्रश्न पाठवला आहे असं प्रकरण निवड, आणि त्याचा प्रश्न आदल्या रात्री वाचून जा.